उन्हाळा, बिबड्यांचं आंबवण आणि यीस्टच्या पेशीतले थेंब

तापीकाठ · ९ मे, रात्री ९.४०

मे लागला की आमच्या यावल तालुक्यात गच्च्यांवर खाटा चढतात. आईची बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) ज्वारी भिजत पडलेली असते, शेजारच्या पातेल्यात कुरडयांचा गहू. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या वर, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून तो ओळखीचा आंबूस वास. परवा त्या पाण्याचा एक थेंब मी कॉलेजात नेला आणि काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. (बीएस्सीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते.) बरीचशी गर्दी लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंची होती, आंबवण्याचं मुख्य काम त्यांचंच. पण मधूनमधून त्यांच्या कितीतरी पट मोठ्या, लंबगोल पेशी होत्या आणि काहींच्या अंगाला बारकी गोल कळी फुटलेली होती. यीस्ट.

आमच्या स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात दुपारी ३८-३९ अंश तरी असतात. यीस्टला मानवतं ते ३० अंशांच्या आसपास. आणि उष्णतेचा धक्का दिल्यावर यीस्ट काय करतं हे बघताना संशोधक तिला बहुतेकदा ज्या तापमानावर नेतात, ते नेमकं ३९ अंश. म्हणजे परदेशातल्या प्रयोगशाळेत जे मुद्दाम घडवून आणतात, ते खान्देशातल्या पातेल्यात दर मे महिन्यात आपोआप घडतं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढला.

आधी थोडी मांडणी. यीस्टची पेशी साधारण ५ मायक्रॉनची, तिचं केंद्रक त्याहून बरंच लहान. त्या केंद्रकात १६ गुणसूत्रं, डीएनएची सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं आणि ६,००० च्या आसपास जनुकं. केंद्रक असलेल्या सजीवांत सगळ्यात आधी ज्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला तो हाच, १९९६ साली. आता यातली सगळी जनुकं एकाच वेळी चालू नसतात. कोणतं कधी चालू करायचं आणि कधी बंद, हा खरा प्रश्न. शाळा-कॉलेजात आपण शिकलो ते असं: एक प्रथिन येतं, जनुकाच्या दारावर बसतं, जनुक चालू होतं. कुलूप आणि किल्ली.

ते चूक नाही, पण अपुरं आहे. किल्ली एकटी येत नाही, घोळक्याने येते. कित्येक प्रथिनांच्या अंगाला असे लांब, लोंबते, ठरावीक आकार नसलेले भाग असतात की ते एकमेकांना किंचित धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. एक पकड अगदी कमजोर, पण अशा पकडी खूप. प्रथिनांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की पेशीच्या आतच त्यांचा वेगळा थेंब तयार होतो. भोवती कसलंही आवरण नाही. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं, आणि तरी थेंब टिकून राहतो. याला बायोमॉलिक्युलर कंडेन्सेट म्हणतात. २००९ साली अँथनी हायमन आणि क्लिफर्ड ब्रँगविन यांनी सहकाऱ्यांसोबत एका सूक्ष्म कृमीच्या भ्रूणात असे पुंजके खरोखर द्रवासारखे वाहतात, एकमेकांत मिसळतात हे दाखवलं आणि या विषयाला वेग आला. २०२३ चं ब्रेकथ्रू पारितोषिक दोघांना त्यासाठीच मिळालं.

यीस्टमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते उष्णतेत. तिथे एक प्रथिन आहे, एचएसएफ-वन. उन्हाची वर्दी देणारा हाच. एरवी त्याला एचएसपी-७० नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. मुलांना मी असं सांगते: घरात आजी नातवाला मांडीवर धरून बसलेली आहे. अचानक दहा पाहुणे आले. आजी उठली, चहापाण्याला लागली, नातू सुटला आणि घरभर धावला. उष्णतेने पेशीतली प्रथिनं, त्यातही नुकती तयार झालेली, बिघडायला लागतात. त्यांना सावरायला एचएसपी-७० धावतं आणि एचएसएफ-वन मोकळं होतं. ते जाऊन जी जनुकं चालू करतं त्यातून आणखी एचएसपी-७० तयार होतं. घरात आज्या वाढल्या, की नातू पुन्हा मांडीवर.

आणि या मोकळ्या झालेल्या एचएसएफ-वनचेच केंद्रकात थेंब होतात. ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, इथे लाइट जायची वेळ झाली.

---

केळीचा_मळा · ९ मे, रात्री १०.१५

ताई, मी रावेरकडचा. विज्ञान दहावीपर्यंतच, पण आजी-नातवाचं उदाहरण बरोबर डोक्यात बसलं. एक विचारू का? केळीलाही उन्हाचा असाच त्रास. पानं कडेने करपतात, घड होरपळतो, बागेच्या पश्चिमेला आम्ही शेवरी नाहीतर हिरवी जाळी लावतो. मग केळीच्या आतही हे उन्हाची वर्दी देणारं प्रथिन असेल का?

---

पावभट्टी · ९ मे, रात्री १०.५२

भुसावळला आमची बेकरी आहे, वडिलांपासूनची. यीस्टशी माझा रोजचा संबंध, पण आत काय चालतं याचा विचार कधी केला नव्हता. उन्हाळ्यात आम्ही कणीक बर्फाच्या पाण्यात मळतो. नाही मळली तर तासाभरात फुगून आंबट होते आणि पाव भट्टीत बसतो. दोन वर्षांपूर्वी ओल्या यीस्टचा एक डबा दुपारभर गाडीतच राहिला. वड्या हाताला नरम लागल्या, वासही बदलला होता. मला वाटलं सगळं गेलं. पण वापरून बघितलं तर काही वड्यांनी काम केलं, काहींनी अजिबात नाही. एकाच डब्यात असं का व्हावं?

---

धुळेकर_पुण्यात · १० मे, सकाळी ८.०५

भलतं भारी शे ताई! माले समजनं बरंच.

मी संगणकवाला, तर मला प्रश्न पडला तो जागेचा. जनुकं तर सोळा वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली. थेंब एका ठिकाणी. मग थेंब जनुकाकडे जातो की जनुक थेंबाकडे?

दुसरं, थेंब म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे शेवभाजीच्या रश्शावरची तर्री आली. छोटे छोटे तेलाचे गोल, चमच्याने हलवले की फुटतात, थोड्या वेळाने एकमेकांना भेटून मोठे होतात. तसंच का?

---

तापीकाठ · १० मे, दुपारी २.३०

एकेक घेते.

@धुळेकर_पुण्यात, तर्रीचं उदाहरण एकमेकांत मिसळण्यापुरतं बरोबर आहे, मीही वर्गात तेच वापरते. पण एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. तर्रीत पाणी शिरत नाही. हे थेंब मात्र आतून पाण्याने भरलेलेच असतात, फक्त ठरावीक प्रथिनांची दाटी तिथे बाहेरपेक्षा जास्त असते. आणि आतलं एखादं प्रथिन काही सेकंदांत बाहेर निघून दुसरं आत आलेलं असतं. तेल तसं करत नाही.

आता जागेचा प्रश्न. हाच मला सगळ्यात सुंदर वाटतो.

डेव्हिड ग्रॉस आणि डेव्हिड पिंकस यांच्या गटांनी २०२२ साली हे काम प्रसिद्ध केलं. एचएसएफ-वनला चमकणारं प्रथिन जोडलं आणि यीस्टला ३९ अंशांवर नेलं. आधी केंद्रकभर पसरलेला मंद उजेड होता. दोन-तीन मिनिटांत तो काही ठिपक्यांत गोळा झाला. त्याच ठिपक्यांत मीडिएटर आणि आरएनए पॉलिमरेज, म्हणजे जनुक वाचणारं यंत्र, हेही आले. (मीडिएटर म्हणजे जनुकावर बसलेलं प्रथिन आणि जनुक वाचणारं यंत्र यांच्यातला मध्यस्थ. तो यीस्टमध्येच सापडला, रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत. जनुक वाचलं कसं जातं याच्या कामासाठी त्यांना २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.)

आणि एचएसएफ-वन चालू करतं ती जनुकं? एचएसपी-१०४ हे जनुक बाराव्या गुणसूत्रावर, एसएसए-४ पाचव्यावर, एचएसपी-१२ सहाव्यावर, एचएसपी-८२ सोळाव्यावर. उष्णता लागताच हे सगळे आपापल्या जागेवरून वळून एकमेकांच्या जवळ येतात, त्या ठिपक्यांभोवती. त्याच वेळी जोरात चाललेली, पण एचएसएफ-वनच्या हाताखाली नसलेली जनुकं या जमावात येत नाहीत. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोघंही एकमेकांकडे जातात.

सातपुड्यातला भोंगऱ्या आठवा. होळीच्या आधीच्या आठवड्यात पाड्यापाड्यांवरून माणसं खाली उतरतात, एका गावच्या बाजारात ढोल घेऊन जमतात आणि सण सरला की जो तो आपल्या पाड्यावर. पाडे जिथल्या तिथे असतात, माणूस भेटीपुरता येतो. यीस्टमध्येही तासाभरात थेंब विरतात आणि जनुकं पांगतात. तोवर एचएसपी-७० पुरेसं तयार झालेलं असतं.

@केळीचा_मळा दादा, हो. वनस्पतींत तर एचएसएफ एक नाही, अनेक असतात. मोहरीच्या कुळातली अरबिडॉप्सिस नावाची छोटी वनस्पती प्रयोगशाळांत फार वापरतात, तिच्यात २१ आहेत. शिवाय त्याच वनस्पतीत ईएलएफ-३ नावाचं एक प्रथिन आहे. गारव्यात ते काही जनुकांवर बसून त्यांना दाबून ठेवतं. हवा तापली की ते थेंबांत गोळा होतं, जनुकांवरचा दाब सुटतो आणि झाड लवकर उंच होतं, लवकर फुलतं. २०२० साली हे दाखवलं गेलं. बघा, इथे गोळा होणं म्हणजे कामावरून बाजूला होणं. यीस्टच्या एचएसएफ-वनच्या अगदी उलट.

@पावभट्टी, तुमच्या डब्याचं उत्तर निवांत लिहिते, ते जास्त महत्त्वाचं आहे.

---

निवृत्त_मास्तर · १० मे, सायंकाळी ६.२०

लेखन आवडले. चाळीस वर्षे चोपड्याच्या बाजूला शाळेत शास्त्र शिकवले, तेव्हा यातले काहीच नव्हते. पेशीतील द्रव म्हणजे साबणाचे पाणी असे आम्ही सांगत असू.

शब्दाविषयी एक सूचना. कंडेन्सेटला ‘थेंब’ म्हणणे मुलांसाठी ठीक, पण सगळेच काही वाहते नसतील ना? वाफेचे पाणी होते त्या ‘संघनना’शी तर याचा संबंध नाही, म्हणून तो शब्द दिशाभूल करेल. ‘पुंज’ कसा वाटतो? द्रव असो वा घट्ट, दोन्हींना चालतो.

---

तापीकाठ · १० मे, रात्री ९.१०

सर, ‘पुंज’ उत्तम. आणि तुमची शंका अगदी नेमक्या जागी आहे, कारण बेकरीवाल्या दादांच्या डब्याचं उत्तर तिथूनच जातं.

सगळे पुंज वाहते नसतात. कुरडयांचा चीक आठवा. गव्हाचं पांढरं पाणी चुलीवर चढवलं की आधी दुधासारखं पातळ, मग हाटता हाटता एका क्षणी दाटून येतं आणि हाटणी जड होते. यीस्टमध्ये पॅब-वन नावाचं प्रथिन आहे, ते एमआरएनएच्या शेपटीला धरून असतं. (जनुकाची वाचलेली नक्कल म्हणजे एमआरएनए. तिच्यावरून प्रथिन तयार होतं.) शिकागोच्या अ‍ॅलन ड्रमंड यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं, की तापमान चढलं की हे प्रथिन चिकासारखं घट्ट पुंज करतं. पेशीतलं दुसरं काहीच लागत नाही, शुद्ध करून नळीत ठेवलं तरीही करतं. आणि ज्या यीस्टमध्ये त्याची ही क्षमता बिघडवली, ती यीस्ट दीर्घ उष्णतेत मागे पडली. पेशी तापते तेव्हा तिच्या आतला पीएच आम्लाकडे झुकतो, त्याचीही या दाटण्याला मदत होते.

कित्येक वर्षं आपण समजत होतो, की उष्णतेने प्रथिनं गोळा होतात म्हणजे ती बिघडून त्यांचा कचरा होतो, अंडं उकडल्यासारखा. काही प्रथिनांचं तसं होतंही. पण पॅब-वनसारख्यांचं गोळा होणं हे नुकसान नाही, प्रतिसाद आहे. डीईडी-वन नावाचं आणखी एक प्रथिन आहे, त्याच्या मदतीशिवाय रोजच्या कामाच्या कित्येक एमआरएनएवरून प्रथिनं नीट तयार होत नाहीत. ते उष्णतेत पुंजात जातं आणि रोजची कामं थंडावतात. उष्णतेशी लढणाऱ्या प्रथिनांच्या एमआरएनएला त्याची तेवढी गरज नसते, त्यामुळे ती सुरू राहतात. दुष्काळात घर जसं लग्नकार्य पुढे ढकलतं आणि आधी पाण्याच्या टाकीचं बघतं.

सायमन अल्बर्टी यांच्या गटाने हेच डीईडी-वन वेगवेगळ्या बुरशींतून घेऊन तपासलं. थंडीत राहणाऱ्या यीस्टचं कमी तापमानालाच गोळा होतं, उष्णतेत वाढणाऱ्या बुरशीचं बऱ्याच वरच्या तापमानाला. म्हणजे कोणत्या उन्हाला ‘ऊन’ म्हणायचं हे ज्याच्या त्याच्या प्रदेशाप्रमाणे त्या प्रथिनातच ठरलेलं असतं. महाबळेश्वरचा माणूस ज्या दिवशी घरात बसतो, त्या दिवशी आपण शेतात असतो.

आता दादांचा डबा. ऊन उतरलं की हे पुंज सोडवावे लागतात. ते काम एचएसपी-१०४ (त्याच नावाच्या जनुकाचं प्रथिन), एचएसपी-७० आणि त्यांचे जोडीदार करतात, आणि सोडवलेली प्रथिनं पुन्हा कामाला लागतात. ज्या पेशीला आधी सौम्य ऊन लागलं, तिने एचएसपी-१०४ तयार करून ठेवलेलं असतं, मग कडक ऊन तिला झेपतं. सुसान लिंडक्विस्ट यांनी १९९० सालीच दाखवलं होतं, की एचएसपी-१०४ नसेल तर हा कणखरपणा येत नाही. तुमच्या डब्यात कडेच्या वड्या पटकन तापल्या असतील आणि मधल्या हळूहळू. माझा अंदाज असा, की मधल्यांना तयारीला वेळ मिळाला. पण हे मी वड्या न बघता सांगतेय. तुमच्या धंद्यासाठी नियम जुनाच बरा: ओलं यीस्ट फ्रीजमध्येच.

---

पावभट्टी · १० मे, रात्री ११.०२

कडेच्याच मेल्या होत्या. मला आठवतंय, कारण डब्याच्या एका बाजूला ऊन येत होतं आणि मी तिकडच्या वड्या पिठात चाचणीला टाकल्या, पीठ फुगलंच नाही. मग मधल्या घेतल्या.

---

सूक्ष्म_नजर · ११ मे, सकाळी ७.४५

मूळची शहाद्याची, सध्या दुसऱ्या राज्यात याच विषयाच्या जवळपास पीएचडी करते आहे. ताई, धागा वाचून घरची आठवण आली. तरी काही हरकती नोंदवते, कारण आमच्या क्षेत्रात या थेंबांचं कौतुक थोडं जास्तच झालं आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

पहिली हरकत: ठिपका दिसला म्हणून तो द्रव थेंब ठरत नाही. यीस्टचं केंद्रक इतकं छोटं, की साध्या सूक्ष्मदर्शकाला एकावर एक चढलेले वीस रेणूही ठिपकाच दिसतात. थेंब सिद्ध करायला बरेच लोक १,६-हेक्सेनडायॉल टाकतात आणि ठिपका विरला की म्हणतात, बघा, द्रव होता. पण ते रसायन पेशीत इतर बरंच काही बिघडवतं, कित्येक एन्झाइमांचं कामही मंदावतं. एवढ्यावर निष्कर्ष काढू नये.

दुसरी हरकत जास्त गंभीर. पुंज झाला म्हणजे जनुक चालू झालं असं नाही. यीस्टमध्येच गॅल-४ नावाचं प्रथिन आहे. गॅलॅक्टोज ही साखर मिळाली की ती पचवणारी जनुकं ते चालू करतं. पाठ्यपुस्तकातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. अ‍ॅमस्टरडॅमच्या टिनेके लेन्स्ट्रा यांच्या गटाने २०२३ साली एकेका रेणूवर नजर ठेवून पाहिलं. गॅल-४ पुंज करतं, त्यामुळे त्याला आपली डीएनएवरची जागा सापडायला मदत होते. पण जनुक चालू करण्याचं बळ त्या पुंजातून येत नाही.

२०१८ साली जीसीएन-४ (जनुकं चालू करणारं यीस्टचं आणखी एक प्रथिन) आणि मीडिएटरचा एक भाग यांचे थेंब दाखवून ‘जनुकं अशीच चालू होतात’ असं मोठं चित्र मांडलं गेलं होतं. ते काम चांगलं आहे. पण नळीत थेंब होणं आणि जिवंत पेशीत त्या थेंबामुळेच जनुक चालू होणं, यात बरंच अंतर आहे.

---

तापीकाठ · ११ मे, दुपारी १.१५

तुझी दुसरी हरकत मला पूर्ण मान्य आहे, आणि खरं सांगू, माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ती यायला हवी होती. ‘किल्ली घोळक्याने येते’ या वाक्यातून असा अर्थ निघतो की घोळका झाला की कुलूप उघडलंच. तसं नाही. एचएसएफ-वनचा घोळका बहुतेक काम सुरू करतो, ईएलएफ-३ चा घोळका काम सोडतो, पॅब-वनचा घोळका उष्णतेत तग धरायला मदत करतो, गॅल-४ चा घोळका फक्त पत्ता शोधायला मदत करतो. प्रत्येक वेळी वेगळं विचारायला हवं: कोण जमलंय आणि कशासाठी.

हेक्सेनडायॉलबद्दलही बरोबर. एचएसएफ-वनच्या बाबतीत मला जास्त भरवसा वाटतो तो जनुकांच्या एकत्र येण्यामुळे, कारण ते वेगळ्या पद्धतीने, डीएनए जिथे एकमेकांना टेकतो तिथे जोडून मोजलेलं आहे. तिथे ठिपक्याच्या दिसण्यावर भिस्त नाही.

---

अक्राणीचा · ११ मे, रात्री ८.३०

धडगावकडून. आमच्याकडे मोहाची फुलं वेचून वाळवतात, नंतर मडक्यात भिजवून आंबवतात. यीस्ट बाहेरून कोणी टाकत नाही, फुलांवरचीच. आजोबा म्हणायचे, मडकं जास्त दिवस ठेवलं की ‘ते स्वतःच्याच दारूत बुडतं’ आणि बुडबुडे थांबतात. उष्णतेचं समजलं. दारूतही यीस्ट असेच पुंज करते का?

---

सूक्ष्म_नजर · ११ मे, रात्री ९.५५

दादा, तुमच्या आजोबांनी एका वाक्यात सांगितलं. यीस्ट दारू तयार करते आणि तीच पुढे तिला जड होते. दारू पेशीच्या आवरणाला ढिलं करते, प्रथिनंही बिघडवते, म्हणून तोच एचएसएफ-वन तिथेही जागा होतो.

आणि इथेच माझ्या हरकतीचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, तोही ग्रॉस यांच्याच प्रयोगशाळेतून, २०२४ सालचा. यीस्टला ८.५ टक्के दारूत ठेवलं. एचएसएफ-वनचे पुंज दहा मिनिटांच्या आत झाले. जनुकं आपल्या जागा सोडून एकत्रही आली. सगळं उष्णतेसारखंच. फक्त जनुकं चालू झाली नाहीत! ती चालू व्हायला बराच उशीर लागला. आणि उष्णतेतले पुंज तासाभरात विरतात, दारूतले बराच वेळ तसेच राहिले. म्हणजे बाजार भरला, माणसं आली, ढोलही आले, पण ढोल वाजायला संध्याकाळ झाली.

जमणं आणि वाजणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे यातून कळतं. उष्णतेत त्या इतक्या लागून येतात, की एकच वाटतात.

---

तापीकाठ · ११ मे, रात्री १०.२०

हे मी उद्याच वर्गात सांगणार. भोंगऱ्याचं उदाहरण माझं, पण ढोल उशिरा वाजवून ते तू पूर्ण केलंस.

---

धुळेकर_पुण्यात · १२ मे, सकाळी ९.००

ताई, कॉलेजात यातलं काही करून बघता येईल का? माझी भाची एसवायला आहे, तिने हा धागा वाचला आणि तेच विचारतेय.

---

तापीकाठ · १२ मे, दुपारी ३.४०

पुंज बघायला चमकणारी प्रथिनं आणि महागडा सूक्ष्मदर्शक लागतो, तो आमच्याकडे नाही. पण पुंजांचा परिणाम बघता येतो. आम्ही या आठवड्यात तेच करतोय.

बाजारातलं कोरडं यीस्ट साखर-पेप्टोनच्या पाण्यात रात्रभर वाढवलं. तीन नळ्या केल्या. पहिली ३० अंशांवरच राहिली. दुसरी थेट ५० अंशांच्या पाण्यात, १० मिनिटं. तिसरी आधी ३९ वर अर्धा तास, मग ५० वर १० मिनिटं. मग मिथिलिन ब्लूचा थेंब. जिवंत पेशी तो रंग आत बेरंग करून टाकते, मेलेली निळी दिसते.

अडचण मात्र वेगळीच आली. साधं इन्क्युबेटर तापवू शकतं, गार करू शकत नाही. खोलीतच ४१ अंश असतील तर ३० चं तापमान आणायचं कुठून? ‘३० अंशांवर’ लिहिलेली नळी खरं तर उन्हातच बसलेली. मुलांनी थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या बाटल्या ठेवून, तासातासाला थर्मामीटर बघत ते जमवलं. दोघी तर दुपारचा डबा तिथेच पेटीशेजारी बसून जेवल्या.

या गोष्टीला इतिहासही आहे. १९६२ साली फेरुच्चिओ रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने उष्णतेने जनुकं चालू होतात हे पहिल्यांदा नोंदवलं, ते फळमाशीच्या गुणसूत्रांवर. कारण काय, तर कोणीतरी त्यांच्या इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं. गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्या जागी फुगवटे दिसले. त्यांनी ते खराब झालेलं म्हणून फेकून दिलं नाही.

---

सूक्ष्म_नजर · १२ मे, सायंकाळी ५.३०

ताई, एक सांगते. मिथिलिन ब्लूवर एकट्यावर विसंबू नका. उष्णतेनंतर लगेच बघितलं तर मरणाऱ्या पेशीही काही वेळ बेरंगच दिसतात. त्यापेक्षा दहापट-दहापट पातळ करत प्लेटवर थेंब ठेवा आणि दोन दिवसांनी कोणत्या थेंबातून वसाहती आल्या ते बघा. खोटं बोलायला जागा राहत नाही.

---

तापीकाठ · १५ मे, रात्री ८.५०

केलं. तुझं बरोबर निघालं. निळ्या रंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीत फरक होता, पण मुलांमध्ये वाद होण्याइतकाच. प्लेटवर वाद उरला नाही.

वरची ओळ, न तापवलेली: चारही थेंब भरून आले, शेवटच्या सगळ्यात पातळ थेंबातही वसाहती मोजता येत होत्या. मधली ओळ, थेट ५० ची: पहिल्या थेंबात तुरळक चार-पाच पांढरे ठिपके, पुढे कोरं. खालची, आधी ३९ वर ठेवलेली: तिसऱ्या थेंबापर्यंत वाढ. एका मुलीने प्लेट खिडकीपाशी उजेडात धरली आणि बराच वेळ कोणी बोललं नाही.

@पावभट्टी दादा, खालची ओळ म्हणजे तुमच्या मधल्या वड्या.

---

पावभट्टी · १५ मे, रात्री १०.१०

ताई, पुढच्या वेळी आमच्या ओल्या यीस्टवरही हे करून बघाल का? वडी मी आणून देतो, बर्फात गुंडाळून. एक बर्फातली आणि एक दिवसभर भट्टीशेजारच्या फळीवर ठेवलेली. तिथे किती तापतं ते मी उद्यापासून थर्मामीटर लावून लिहून ठेवतो.

---

अक्राणीचा · १५ मे, रात्री १०.४०

आणि माझ्याकडून मोहाच्या मडक्यातलं पाणी, तिसऱ्या दिवसाचं आणि दहाव्या दिवसाचं. धडगावहून सकाळची पहिली एसटी धरली तर दुपारपर्यंत येता येईल.

---

तापीकाठ · १५ मे, रात्री ११.००

दोघांनीही आणा. २० तारखेपर्यंत लॅब उघडी आहे. बाटल्यांचं झाकण थोडं सैल ठेवा, वायू साचतो.